शेपटीची क्रियापदं

खानापूर
ता. २ जुलै १९४२

ती. केदारी अण्णांस चंपाचा साष्टांग नमस्कार.

तुमी धाडलेलं दुसरं इंग्रजी बुक सपलं. धडे वाचता येत्यात. पर एक अडचण लई मोठी झालीया. गिव्ह म्हंजे देणं, हे पाठ हाय. अप म्हंजे वर, हे बी पाठ हाय. मग गिव्ह अप म्हंजे 'वर देणं' का न्हाई? तुमी लिवता, 'सोडून देणं'. पुट म्हंजे ठेवणं, आन पुट ऑफ म्हंजे म्हणं 'पुढं ढकलणं'. असली चाळीस मी वहीत एकाखाली एक लिवली. सकाळी चुलीपाशी घोकते आन दुपारी भाताचं रोप लावताना म्हणून बघते, तर निम्मी गेलेली असत्यात. उरलेली एकमेकांत मिसळत्यात. त्यापरास मोठा शब्द तेवढा धरावा आन मागचं शेपूट सोडून द्यावं, असं मला वाटाय लागलंय. एवढ्याशा शब्दानं काय बिघडतंय?

घाई का ते तुमाला ठावं हाय. ह्यांची पलटण मिसराच्या पलीकडं वाळवंटात. ह्यांचं शेवटचं पत्र वैशाखात आलं. ठेसनावर माणसं बोलत्यात की तिकडं मोठं ठाणं पडलं, आपली लई माणसं त्यात घावली. मामंजी ऐकत्यात आन गप बसत्यात. पलटणीकडनं येणारा कागद इंग्रजीत असतोय, आन तो वाचणारा आमच्या गल्लीत एकच माणूस, मारुतीराव हवालदार. मागल्या लढाईत ते खेचरांच्या तुकडीत हुते. ते कागद वाचत्यात, आन आमी सगळी त्यांच्या तोंडाकडं बघत बसतोय.

मला त्यांच्या तोंडाकडं बघायचं न्हाई अण्णा. मला कागदाकडं बघायचं हाय.

तुमची बहीण
चंपा

*

निपाणी
ता. ९ जुलै १९४२

चि. सौ. चंपास अनेक आशीर्वाद.

ती चाळीस शब्दांची यादी आजच्या आज चुलीत घाल. तशी यादी मीही केली होती. बेळगावला मास्तरकीच्या परीक्षेला असताना तपासनीस साहेब वर्गात आले. दिवसाउजेडी कंदील जळत होता. साहेब मला म्हणाले, 'पुट आउट द लॅम्प.' पुट म्हणजे ठेवणे आणि आउट म्हणजे बाहेर. मी जळता कंदील उचलला आणि व्हरांड्यात नेऊन ठेवला. साहेबांना तो विझवायला हवा होता. सगळा वर्ग हसला, साहेबसुद्धा हसले. त्या दिवसापासून मी यादी सोडली. मग कशी शिकलो ते सांगतो.

मुख्य गोष्ट ही की शब्द आणि शेपूट वेगळं करायचंच नाही. 'हवालदार' म्हणताना तू त्यात दार शोधतेस का? तसंच हे. गिव्ह अप हा एकच शब्द आहे, तो एका दमात म्हण.

तो सुटा कधी लिहायचा नाही. आपल्या घरातलं, आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं वाक्य करायचं. वासरू दावं तोडून पळालं की त्याच वेळी म्हणायचं, 'द काफ गॉट अवे.' मग गेट अवे म्हणजे निसटणे हे तुला वहीत बघावं लागणार नाही, वासरू दिसेल. दिवसाला तीन पुरेत. हाताने काम करताना तोंडाने म्हण. दिवा विझवताना पुट आउट म्हण, म्हणजे तू तरी तो बाहेर ठेवायची नाहीस.

आणखी एक. शेपटाप्रमाणे गठ्ठे बांध. ऑफ आलं की बहुतेक ठिकाणी काहीतरी सुटतं, तुटतं, दूर जातं. अवे आलं की निघून जातं. पण ह्या नियमावर सगळा भार टाकू नको, तो फक्त काठीसारखा टेकायला आहे. आणि रोज एक वाक्य घेऊन शेपटावर बोट ठेव, मग बोट काढ. अर्थ कसा फिरतो ते तुझं तुलाच कळेल.

इंग्रजीच तेवढी विचित्र असं समजू नको. आपण हाक मारतो, उडी मारतो, गप्पा मारतो. मराठी शिकणारा साहेब 'हाक मारली' ऐकून कुणाला लागलं ते बघायला धावत येईल.

ठेसनावरचं बोलणं मनावर घेऊ नको. तिथे बसणाऱ्यांना काम नसतं.

तुझा
केदारी अण्णा

*

खानापूर
ता. २८ जुलै १९४२

ती. अण्णांस नमस्कार.

काल पलटणीच्या कप्तानाचा कागद आला. हवालदारांनी सोप्यात बसून वाचला. म्हणाले, "कंपनी मागं हटत हुती. आपल्या ज्योतिबाची तुकडी कापली गेली. तो तिथंच ऱ्हायला. मागनं तिघांचे मुडदे घावले. कप्तान म्हणतोय, आता आशा न्हाई."

ह्यांच्या आईनं, आत्याबाईंनी, हंबरडा फोडला. मामंजी उठले आन गोठ्यात जाऊन उभं ऱ्हायले. माझे धाकटे दीर शामू भिंतीला टेकून खाली बसले. मला रडाय आलं न्हाई अण्णा. बाया म्हणत्यात, हिचं काळीज दगडाचं. शेजारची नागुबाई माझ्या बांगड्यांना हात घालाय आली तवा मी हात पदराखाली घेतले. आत्याबाईच रडत रडत म्हणाल्या, "आज नगं. दिवस ठरू दे."

हवालदार पाणी प्याय उठले तेवढ्यात कागद माझ्या हातात आला. तुमी धाडलेल्या पेन्सिलीनं मी उतरवून घेतला. नक्कल ह्यात घातलीया. तुमी वाचा आन खरं काय ते सांगा.

'यूअर हजबंड्स सेक्शन वॉज कट, व्हाईल द कंपनी वॉज फॉलिंग. ही स्टेड सो दॅट द रेस्ट माइट गेट. थ्री मेन हॅव सिन्स टर्न्ड. वी हॅव नॉट गिव्हन होप.'

मला शेवटचं वाक्य कळलं असं वाटतंय. कळलं नसंल तर बरं.

चंपा

*

निपाणी
ता. २ ऑगस्ट १९४२

चि. चंपास आशीर्वाद.

तुझं पत्र आणि नक्कल पोचली. धीर धर. आत्याबाईंना सांभाळ. मूळ कागद कुणाकडे आहे? तो जपून ठेवायला सांग. तू उतरवलेलं जसंच्या तसं आहे ना, एवढं कळव. कागद न बघता मी काही बोलणं बरं नाही.

शाळेत तपासणी चालू आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. प्रकृतीला जप. जेवत जा.

केदारी

*

खानापूर
ता. ५ ऑगस्ट १९४२

अण्णा,

मी नमस्कार लिवला न्हाई, रागावू नगा.

तुमच्या पत्रात वर 'चि. चंपास' एवढंच हाय. लगीन झाल्यापासनं तुमी धाडलेली एकोणीस पत्रं माझ्या पेटीत हायती. काल सगळी काढून बघितली. एकोणीसच्या एकोणीस पत्रांत 'चि. सौ.' हाय. विसाव्यात न्हाई.

तुमी बी त्यास्नी मेलेलं धरलं का?

धरलं असंल तर तसं लिवा. जेवत जा, प्रकृतीला जप, असलं लिवू नगा. असलं सांगाय हितं बाया लई हायत्या.

दिवस ठरला. सतरा तारीख, सोमवार. मढं न्हाई म्हणून भटजी दर्भाचा पुतळा करणार, तो मलप्रभेवर नेऊन जाळायचा. त्या दिवशी माझ्या बांगड्या. मामंजींनी मला इचारलं न्हाई. त्यांनी कुणालाच काय इचारलं न्हाई, हवालदार जे म्हणाले त्याला मान हलवली.

कागद हवालदारांच्या घरी पत्र्याच्या नळकांड्यात हाय. सरकारदरबारी लागंल म्हणून त्यांनी ठेवून घेतलाय.

बारा दिवस ऱ्हायले.

चंपा

*

निपाणी
ता. ८ ऑगस्ट १९४२

चि. सौ. चंपास अनेक आशीर्वाद.

तू पकडलंस. खोटं लिहून आता काही मिळणार नाही, म्हणून सगळं लिहितो.

तुझी नक्कल वाचून मी दोन दिवस पत्र लिहिलं नाही. 'वॉज कट' वाचलं. 'नॉट गिव्हन होप' वाचलं, म्हणजे कप्तान म्हणतो की आम्ही आशा दिलेली नाही. दोन्ही वाक्यं सरळ होती, आणि मीही तेच धरलं जे मारुतीरावांनी धरलं. 'सौ.' लिहायला हात वळला नाही आणि ज्योतिबा गेला हे लिहायचं धैर्यही झालं नाही. तपासणी वगैरे काही नव्हती. ते खोटं होतं.

तुझं दुसरं पत्र आल्यावर नक्कल पुन्हा काढली. या वेळी रडत नव्हे, मास्तर होऊन वाचली. 'सो दॅट द रेस्ट माइट गेट.' बाकीच्यांना मिळावं म्हणून. काय मिळावं? वाक्य लंगडं आहे. कुठलाही साहेब असं लिहिणार नाही. 'थ्री मेन हॅव टर्न्ड.' तीन माणसं वळली. कुठे वळली? तेही लंगडं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की चंपाने घाईत मोठे शब्द तेवढे उतरवले आणि शेपटं गाळली.

तसं असेल तर सरळ दिसणाऱ्या वाक्यांचाही भरवसा नाही. 'कट'च्या मागे ऑफ असेल, तर तुकडी कापली गेली नाही. ती बाकीच्यांपासून तुटली, वेगळी पडली. 'टर्न्ड'च्या मागे अप असेल, तर ती तिघं परत आली. आणि 'गिव्हन'च्या मागे अप असेल, तर सगळा अर्थ उलटतो. गिव्हन होप म्हणजे आशा दिली, गिव्हन अप होप म्हणजे आशा सोडली. त्याच्या आधी 'नॉट' आहे. मग कप्तान म्हणतो, आम्ही आशा सोडलेली नाही.

पण असेल तर. मी कागद बघितलेला नाही. ते शब्द तिथे असावेत असं मला वाटतं, आणि मला वाटतं म्हणून ते तिथे येणार नाहीत.

काही करून मूळ कागद मिळव. वाचू नको. वाचायला गेलीस तर मन मधेच अर्थ लावेल आणि डोळे चुकतील. पातळ कागद वर ठेव आणि अक्षर न् अक्षर गिरव, मुंगीएवढा शब्दसुद्धा सोडू नको. मग ती नक्कल मला पाठव.

केदारी अण्णा

*

खानापूर
ता. १२ ऑगस्ट १९४२

ती. अण्णांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र काल मिळालं. आज हवालदार बेळगावास गेलते. मी त्यांच्या घरी गेले. जयाबाई, त्यांची बायको, सोप्यात तांदूळ निवडत हुत्या. काय सांगावं ते ठरवून गेलते, पर तोंडातनं निघालं एवढंच, "मावशी, कागद एकदा दावा."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "त्यांस्नी कळलं तर मला घराबाहीर काढतील."

मी उठले. तर त्यांनी हाताला धरून मला खाली बसवलं. आत जाऊन नळकांडं घेऊन आल्या. "वाच, बाई. माझा बी एक दीर गेल्या लढाईत गेला. कागद काय म्हणत हुता ते मला आजपातूर ठावं न्हाई."

मी वाचलं न्हाई. तुमी सांगितलं तसं पुडीचा पातळ कागद वर ठेवला आन गिरवत गेले. 'कट'च्या मागं दोन एफ आले तवा हात थांबला. पर म्हटलं, आता न्हाई, पुढं. 'गेट'च्या मागं अवे. 'टर्न्ड'च्या मागं अप. शेवटच्या ओळीला डोळं मिटून घ्यावं असं वाटलं. गिव्हन. मग यू. मग पी.

अप हाय अण्णा. त्या कागदात अप हाय.

जयाबाई इचारत हुत्या, "काय गं? काय झालं?" पयल्यांदा रडले ते तिथं, त्यांच्या तांदळाच्या सुपावर.

गिरवलेला कागद ह्यात घालत न्हाई, माझ्याजवळ असावा. त्याची नक्कल घातलीया. घरी अजून कुणाला बोलले न्हाई. चौथी शिकलेली सून हवालदाराला खोटं पाडतीया, हे कोण ऐकंल? तुमी या. तुमी मास्तर हाय, तुमचं ऐकतील. सोमवारच्या आत या.

चंपा

*

निपाणी
ता. १५ ऑगस्ट १९४२

चि. सौ. चंपास अनेक आशीर्वाद.

आठ तारखेला मी पत्र टाकलं. तुझं उत्तर नाही. ते पोचलं की नाही, हेही कळत नाही. पुढाऱ्यांना पकडल्यापासून इथे सगळं बंद आहे. तारा तोडल्यात, मोटारी बंद आहेत, तीन दिवस डाक आली नाही. काल शाळेसमोर मुलांनी इंग्रजी पुस्तकांची होळी केली. माझाच एक विद्यार्थी मला म्हणाला, "गुरुजी, तुमचंही द्या." मी दिलं. मुलांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण ते जळत असताना मी तुझ्या कागदातल्या दोन अक्षरांचा विचार करत होतो, हे त्यांना कसं सांगू?

आज सायकल काढली. हमरस्त्यावर पोलिसांनी अडवलं, मास्तर म्हटल्यावर जास्तच चौकशी केली आणि परत पाठवलं. उद्या पुन्हा निघेन, पण सोमवारच्या आत खानापूर गाठता येईल असं दिसत नाही.

तंबाखूच्या अडतीवरचे तम्मण्णा बैलगाडीने आडवाटेने बेळगावकडे जात आहेत. त्यांच्या हाती हे देतोय. सोबत एक वेगळा कागद आहे. त्यावर मामंजींसाठी ठळक अक्षरात दोन्ही अर्थ लिहिले आहेत आणि खाली माझी सही आहे. तो पंचांसमोर ठेव.

आणि कागदात ते शब्द नसतील, तर माझा कागद फाडून टाक. मग मी तुला काय सांगावं, ते मला माहीत नाही.

अण्णा

*

खानापूर
ता. १९ ऑगस्ट १९४२

ती. अण्णांस साष्टांग नमस्कार.

तुमचा तम्मण्णांच्या हातचा कागद आज, बुधवारी मिळाला. सोमवार होऊन गेला. काय झालं ते सांगते.

सकाळी भटजी आले. अंगणात पाटावर दर्भाचा पुतळा बांधून ठेवलता. त्याला ह्यांचंच धोतर गुंडाळलं. ते बघून आत्याबाई पडल्या. नागुबाई आन आणखी दोघी माझ्या दोन्ही बाजूला येऊन बसल्या. तुमची वाट बघत मी दारापातूर तीनदा जाऊन आलते. मग कळलं, आता कोण येत न्हाई.

मी उठून अंगणात गेले, गड्यांच्या मधी. मामंजी म्हणाले, "आत जा, पोरी."

मी म्हटलं, "मामंजी, जाते. पर हवालदारमामांस्नी एक इचारायचं हाय, मग तुमी म्हणाल ते करते."

हवालदार म्हणाले, "इचार की."

रातीपासनं घोकलेलं सगळं इसरलं. मग समोर त्यांचे बूट दिसले, अजून पलटणीवाणी चकाकणारे, आन सुचलं. मी म्हटलं, "मामा, परेडीला साहेब फॉल इन म्हणला की शिपाई काय करत्यात?"

"रांगंत उभं ऱ्हात्यात."

"पर फॉल म्हंजे तर पडणं."

"अगं, ते फॉल इन. ते येगळं."

"आन फॉल आउट?"

"रांग सोडून सुटायचं."

"आन ह्या कागदात फॉलिंग बॅक हाय. कंपनी पाठीवर पडली असं तुमी न्हाई वाचलं. मागं हटली असं बराबर वाचलं."

"पंधरा वर्सं ऐकलंय ते," हवालदार म्हणाले. "त्यात चूक व्हईल व्हय?"

"मग मामा, कट ऑफ कधी ऐकलं हुतं का?"

भटजी म्हणाले, येळ चाललीया. कोणतरी मागनं म्हणालं, बाईमाणसानं किती बोलावं. शामू भाऊजी उठून माझ्या शेजारी येऊन उभं ऱ्हायले. म्हणाले, "वहिनी, बोल."

मी गिरवलेला कागद काढला. "मामा, फॉलच्या मागचा लहान शब्द तुमी सोडला न्हाई, म्हणून अर्थ बराबर लागला. कटच्या मागचा ऑफ सोडला. तुकडी कापली न्हाई, मागं तुटून ऱ्हायली. हे थांबले ते बाकीचे निसटावेत म्हणून. टर्न्डच्या मागं अप हाय, म्हंजे तिघं मेले न्हाईत, तिघं परत आले. आन शेवटाला गिव्हनच्या मागं अप हाय. तुमी म्हणला तसं असतं तर अप लागलाच नसता. कप्तान म्हणतोय, आमी आशा सोडली न्हाई."

हवालदारांचं तोंड लाल झालं. "ते तुझ्या हातचं हाय. त्यात काय बी असंल. मूळ कागद माझ्या घरात हाय, त्यात—"

"हितं हाय," जयाबाई म्हणाल्या. बायांच्या मागं उभ्या हुत्या. पदराखालनं नळकांडं काढून त्यांनी नवऱ्याच्या हातात दिलं.

हवालदारांनी चष्मा लावला. बोट ठेवून एकेक शब्द वाचाय लागले. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. पुढं गेलं, परत मागं आलं. मग त्यांनी चष्मा काढला आन मामंजींच्या समोर खाली बसले. म्हणाले, "भरमू, पोरगी खरं बोलतीया. मी पुरं वाचलं न्हाई. कट दिसला आन मला पुढचं दिसलंच न्हाई. माझ्या भावाच्या येळंला बी असाच कागद आलता."

मामंजींनी सवता पुतळ्याचं धोतर सोडलं, घडी घालून आत आणून ठेवलं. भटजी निघून गेले. काही माणसं म्हणाली, मांडलेलं कार्य मोडणं बरं न्हवं. मामंजी तिथनं उठले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरी, आशा सोडली न्हाई म्हंजे माणूस हाय असं न्हवं ना?"

मी म्हटलं, "न्हवं, मामंजी. ठावं न्हाई, एवढंच."

"मग ठावं हुईस्तवर थांबू," ते म्हणाले.

चंपा

*

निपाणी
ता. ३० ऑगस्ट १९४२

चि. सौ. चंपास अनेक आशीर्वाद.

तुझी बारा आणि एकोणीस तारखेची दोन्ही पत्रं आज एकदम आली. आधी एकोणीसचं फोडलं, म्हणून बारा तारखेचं वाचताना छाती धडधडली नाही. मला सुचलं नसतं ते तुला सुचलं. मी त्या अंगणात असतो तर व्याकरण सांगत बसलो असतो, आणि भटजी वेळ चालली म्हणाल्यावर गप्प झालो असतो.

पण तू मामंजींना जे सांगितलंस ते धरून राहा. कप्तानाने आशा सोडली नाही ते कागदावरच्या तारखेला, जूनमध्ये. आता ऑगस्ट संपत आला. तुला आनंदाचं पत्र लिहावंसं वाटतं, पण मागे एकदा मी तुझ्यापासून लपवलं आणि ते तुला कळलं. पुन्हा लपवणार नाही. मला अजून भीती वाटते.

पलटणीला विचारणारं पत्र मी लिहून द्यावं, असं तू म्हणशील. नाही. तूच लिही. चुका होतील, होऊ देत. कप्तानाला कळेल.

तुझा
केदारी अण्णा

*

खानापूर
ता. २६ नोव्हेंबर १९४२

ती. केदारी अण्णांस चंपाचा साष्टांग नमस्कार.

तीन महिने मी लिवलं न्हाई. लिवण्यासारखं काय न्हवतं. कप्तानाला दोनदा पत्र धाडलं, उत्तर आलं न्हाई. भात पिवळं पडलं, कापणी झाली, मळणीला आलं. बाया पाण्याला जाताना माझ्या हाताकडं बघून एकमेकीला खुणा करायच्या. दिवाळीत आत्याबाईंनी मला हळदीकुंकवाला जाऊ दिलं न्हाई. म्हणाल्या, "कुणाचं बोलणं नगं." मी बी दोन-तीनदा रातचं बांगड्या काढून ठेवल्या आन परत घातल्या. हे कुणाला सांगितलं न्हाई, तुमाला सांगते.

काल दुपारी खळ्यावर असताना हवालदार लगालगा येताना दिसले. पोस्टमन त्यांस्नी वाटेत भेटलता. हातात एक कार्ड. आमी सगळी उठून उभी ऱ्हायलो. ते मामंजींकडं गेले न्हाईत, सरळ माझ्याकडं आले. म्हणाले, "मी बघितलं न्हाई. चष्मा खिशातच हाय. तू वाच."

रेडक्रॉसचं कार्ड. वर छापलेलं, प्रिझनर ऑफ वॉर. इटली देश. तारीख अकरा जुलै. खाली कुणीतरी इंग्रजीत चार ओळी लिवलेल्या, आन त्याच्या खाली ह्यांच्या हातची सही, वाकडी, 'ज्योतिबा भरमू'. मी म्होट्यानं वाचत गेले आन मराठीत सांगत गेले. मी धरला गेलोय. पायाला लागलं हुतं, आता बरं हाय. काळजी करू नगा. मग हुतं, 'लुक आफ्टर मदर.' मी थेट 'आईला सांभाळ' असं सांगितलं आन पुढं गेले. लुक म्हंजे बघणं, आफ्टर म्हंजे नंतर, हे मला रातच्याला आठवलं.

शामू भाऊजी नाचाय लागले. मामंजी भाताच्या राशीवर बसले आन दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हवालदार म्हणाले, "अकरा जुलै. म्हंजे कप्तानाचा कागद वाटेत हुता तवा ज्योतिबा जित्ताच हुता."

आत्याबाईंनी कार्ड मागितलं. त्यांस्नी एक अक्षर येत न्हाई. म्हणाल्या, "त्याचं नाव कुठं हाय?" मी बोट धरून सहीवर ठेवलं. त्यांनी ते लई येळ उचललं न्हाई. मग इचारलं, "पुढं काय लिवलंय?"

"पुढं काय न्हाई, आत्याबाई. जागा सपली."

"मग तू लिव," त्या म्हणाल्या. "त्याला इचार, तिकडं भात मिळतोय का."

आमी घरी आलो. मी पाय धुतले, दिवा लावला आन कार्डावरचा पत्ता बघून पत्र लिवाय बसले. आत्याबाई शेजारी बसून हुत्या. एकेक ओळ लिवली की इचारत्यात, "भाताचं लिवलं?" लिवलं, अण्णा. ते पत्र आज सकाळीच टाकलं. तुमाला दावलं न्हाई. त्यात चुका असतील, पर ते जाईल.

तुमची बहीण
सौ. चंपा